स्टार्टरवरची चप्पल

आमच्या विहिरीवर स्टार्टरची पेटी आहे, तिच्या मागच्या लाकडी फळीला दोन खिळे ठोकलेले, आणि त्यातल्या एका खिळ्यावर कायम एक तुटकी रबरी चप्पल लटकलेली असायची. एकच, डाव्या पायाची. लहानपणी मला वाटायचं की ट्रकच्या मागे नजर लागू नये म्हणून लटकवतात तशी असेल. मोठं झाल्यावर कळलं की ती चप्पल म्हणजे बाबा आणि काकांमधला करार होता. वाटणीत वावर दोन झालं, मधी धुरा पडला, पण विहीर कशी वाटणार, तर ठरलं की पाणी एक पाळी आमच्याकडे आणि एक पाळी काकांकडे. चप्पल डाव्या खिळ्यावर म्हणजे मागचं पाणी आमच्या हरभऱ्याला गेलं, आता काकांचा नंबर, आणि उजव्यावर असली की उलटं. जो मोटर बंद करेल त्यानंच चप्पल बदलायची. लाइन दुपारी येवो का रात्री दीडला, बाबा जावोत का काका का सालदार, अंधारात टॉर्च मारला की कळलं कॉक कोणीकडे फिरवायचा ते. भाऊ-भाऊ चार-चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते त्या काळातही पाणी बरोबर चाललं, एवढं मला पक्कं आठवतं.

पुढे मी एमटेकला गेलो, तिथं एका सरांनी फळ्यावर तीन गोल काढले, मधल्यातून दोन बाण, एक डावीकडच्या गोलात आणि एक उजवीकडच्या, दोन्हीकडून परत मधे. म्हणाले अट अशी की हा खेळ कधीच संपत नाही, आणि डावा गोल पुन्हापुन्हा लागला पाहिजे, उजवाही पुन्हापुन्हा लागला पाहिजे, तर सांगा किती मेमरी लागेल. वर्गात सगळे शांत. मला मात्र स्टार्टरची पेटीच दिसायला लागली. मी म्हटलं, सर, एक चप्पल. सगळे हसले, सरांनाही आधी समजलं नाही, मग मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसून हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, एक बिट, म्हणजे हे का ते एवढीच एक खूण. नुसतं मधल्या गोलात उभं राहून "आपण मधल्या गोलात आहोत" एवढ्यावर निर्णय घेतला तर प्रत्येक वेळी तोच बाण निवडला जाईल आणि एक वावर वाळेल. दोन वावरं असली तर दोन खुणा पुरतात, दहा असली तर दहा, जास्त लागत नाही.

तर हा सगळा विषय असा आहे. ग्राफ म्हणजे ठिकाणं आणि बाण, काही ठिकाणी चाल माझी, काही ठिकाणी समोरच्याची. आम्ही दोघं मिळून एक सोंगटी ढकलत राहतो, बहुतेक वेळा अनंत काळ. आणि प्रश्न हा, की चांगलं खेळायला मागचं किती लक्षात ठेवावं लागतं? काहीच नाही, थोडंसं, खूप, की कितीही ठेवलं तरी कमीच? ऐकायला कोडं वाटतं पण कामाचा आहे. 1957 मध्ये अलोन्झो चर्च नावाच्या तर्कशास्त्रज्ञानं विचारलं होतं की अमुक वागणूक हवी एवढं सांगितलं तर तशी वागणारी मशीन आपोआप बनवता येईल का, आणि 1969 मध्ये ब्यूखी आणि लँडवेबर यांनी दाखवलं की हो, हा मशीन विरुद्ध दुनिया असा खेळ समजा, आणि मशीन जिंकू शकत असेल तर तिला मर्यादित मेमरी पुरते. आता ती मर्यादित म्हणजे किती, एक चप्पल का गाडीभर चपला, हे शोधण्यात पुढच्या लोकांची आयुष्यं गेली. त्यात माझी दोन वर्षं गेली, फार काही हाती लागलं नाही, मी पुण्यात नोकरीला लागलो.

बिनामेमरीचा खेळ पाहायचा असेल तर आमच्या मारुतीच्या पारावर या. पाराच्या फरशीवर कोळशानं वाघबकरीचा पट आखलेला असतो, वाघ म्हणजे विटेचे तुकडे, बकऱ्या म्हणजे चिंचोके. मला त्या खेळात सगळ्यात काय आवडतं तर माणसं बदलतात आणि डाव चालूच राहतो. एखाद्याला घरून आवाज आला की तो उठतो, मागं उभा असलेला बसतो, आणि एकच प्रश्न विचारतो, "चाल कोनाची?" बस. हा वाघ इथं कसा आला, तीन चालींआधी कोणी काय चूक केली, याची चौकशी कोणी करत नाही, कारण गरजच नाही. जे पाहिजे ते सगळं फरशीवर आहे, हातातल्या उरलेल्या बकऱ्यासुद्धा बाजूला ढीग करून ठेवलेल्या दिसतात. एक आजोबा आहेत ते मात्र दर चालीला मागचा इतिहास सांगतात, "मंगाशी तुनं थे बकरी तथी ठेवली नसती तं", आणि हरतात. त्यांना मेमरी भरपूर आहे, उपयोग शून्य.

नुसतं "अमुक जागी पोचायचं" किंवा "अमुक जागी कधीच अडकायचं नाही" एवढंच ध्येय असेल तर मेमरी लागत नाही, आणि हे पटायला सोपं आहे. जिंकायच्या जागेवरून उलटं मागे यायचं. जिथून मी एका चालीत तिथं पोचतो ती जागा माझी, समोरच्यानं कुठंही उडी मारली तरी माझ्याच जागेत पडतो ती जागाही माझी, असं मागं मागं रंगवत जायचं, रंगवता रंगवता प्रत्येक जागेवर एक बाण पक्का होतो. मग त्या जागेवर कसेही आलात तरी तोच बाण. झर्मेलो नावाच्या गणितज्ञानं 1913 मध्ये चेसबद्दल लिहिलं ते याच घराण्यातलं, की पांढऱ्याकडे जिंकायची पक्की रीत आहे, नाहीतर काळ्याकडे आहे, नाहीतर दोघांकडे निदान बरोबरीची तरी आहे, चौथी गोष्ट शक्य नाही. कोणती खरी ते आजवर कोणाला माहीत नाही, तो भाग वेगळा. चेसमध्ये एक गंमत मात्र आहे, पटावर सगळं दिसत नाही. राजा एकदा हलून परत आपल्या घरात येऊन बसला तर दिसायला तसाच दिसतो, पण आता त्याला कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्तीची ती एकत्र चाल, करता येत नाही. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते, तेही पट पाहून कळत नाही. म्हणजे चेसवाल्यांना अर्धा डाव दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर सोबत चिठ्ठी लागते. पारावर चिठ्ठी लागत नाही. आमच्या लोकांचा खेळ जास्त स्वच्छ आहे असं माझं मत, पक्षपाती असेल.

हुशारीचा आणि मेमरीचा संबंध नाही, हे समजायला मला फार वेळ लागला. मला वाटायचं अवघड खेळाला जास्त लक्षात ठेवावं लागत असेल. तसं नाही. पॅरिटी गेम नावाचा एक प्रकार आहे, प्रत्येक जागेला नंबर, आणि जो सगळ्यात मोठा नंबर पुन्हापुन्हा येत राहतो तो सम की विषम यावर हारजीत. हा सोडवायला इतका किचकट की झपाट्यानं सोडवायची रीत आहे की नाही यावर लोक अजून डोकं फोडून राहिले, पण खेळताना मेमरी शून्य, दोन्ही बाजूंना. एमर्सन आणि युत्ला यांनी 1991 मध्ये ते दाखवलं, मोस्तोव्स्कीनंही त्याच वर्षी. आणि आमचं विहिरीचं प्रकरण, जे चौथीतला पोट्टाही समजेल, त्याला एक चप्पल लागतेच. मेमरी लागते ती तुम्हाला काय पाहिजे त्यावरून. 2005 मध्ये जिंबेर आणि झीलोन्का यांनी याचं एक सुंदर उत्तर दिलं, की दोघांचं भांडण तपासायच्या आधी एकेकाला एकटं बसवून पाहा. वाघ एकटा, सगळ्या चाली त्याच्याच, तेव्हा त्याला मेमरीशिवाय भागतं का, मग बकरीवाला एकटा, त्याचं भागतं का, आणि दोघांचंही एकट्यानं भागत असेल तर समोरासमोर बसवल्यावरही भागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा होस्टेलच्या गच्चीवर एकटाच फेऱ्या मारत होतो, मला वाटलं हे तर आमच्या सगळ्या खानदानाला वाचून दाखवलं पाहिजे.

मेमरी वाढायला लागली की कशी वाढते तेही पाहा. समजा पाच बाजारगावं आहेत आणि अट नुसती "सगळी लागली पाहिजेत" अशी नसून किचकट आहे, की अमुक तीन कायम लागत असतील तर चौथं लागायला नको, पण पाचवं लागलं तर चालेल, वगैरे, लग्नाच्या बैठकीत घालतात तसल्या अटी. याला म्युलरची अट म्हणतात. इथं गुरेविच आणि हॅरिंग्टन यांनी 1982 मध्ये वापरलेली युक्ती म्हणजे गावांची एक यादी ठेवा, ज्या गावी जाऊन आलात त्याचं नाव काढून सगळ्यात वर लिहा. ती यादी पाहूनच पुढची चाल ठरते. छान आहे, पण पाच गावांच्या अशा याद्या 120 होतात, आणि दहा गावांच्या 36,28,800. लोकांना वाटलं असेल काहीतरी स्वस्त निघेल, पण 1997 मध्ये तिघांनी मिळून दाखवलं की काही अटी अशा आहेत की त्यांना खरंच अशीच भराभर फुगणारी मेमरी लागते. तेव्हा लग्नाच्या बैठकीत अटी घालताना जरा जपून.

काका गेले त्यानंतर चुलतभावानं मोटरीला ऑटो बसवला. ऑटो म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू, माणसानं रात्री सापाकिरड्यातून जायची गरज नाही. चांगलीच गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण ऑटो म्हणजे शंभर टक्के बिनामेमरीचा गडी, लाइन आली का, आली, चालू. कॉक शेवटचा आमच्याकडे फिरवलेला होता तो तसाच, म्हणून चार-पाच दिवस सगळं पाणी आमच्याच गव्हात, आणि त्याचा हरभरा कोरडा. त्याला वाटलं आम्ही मुद्दाम केलं. बाबा म्हणे मी तं वावरात गेलोच नाही. दोघंही खरं बोलत होते. भांडण एवढं पेटलं की मला पुण्यात फोन आला, मी फोनवर मीटिंगच्या मधून बाहेर येऊन चुलतभावाला समजावत होतो की बाप्पा, दोष कोणाचाच नाही, तुझ्या मशीनला एक बिट कमी पडून राहिला. तो म्हणे, "दादा, बिट-गिट राहू दे, गहू कोनाचा पिकला ते सांग." ऑटो काढला शेवटी. पेटी दुरुस्त करताना फळी बदलली, चप्पल गेली ती गेलीच.

आता सरासरी. दर चालीला काही मिळतं काही जातं, आणि शेवटी अनंत काळाची सरासरी किती ते पाहायचं, अशा खेळालाही मेमरी लागत नाही, हे एरेनफॉइख्ट आणि मिचेल्स्की यांनी 1979 मध्ये सिद्ध केलं. प्रमेय म्हणून देखणं आहे. पण मी यवतमाळ जिल्ह्यातला माणूस, मला त्या सरासरीचा एक गुण कायम खुपतो, की ती सुरुवात विसरते. पहिली दहा वर्षं नुसता तोटा, पऱ्हाटी करपली, बोंडअळी आली, कर्ज झालं, आणि अकराव्या वर्षापासून कायम दरसाल एक रुपया नफा, तर अनंत काळाची सरासरी बरोबर एक रुपया. ती दहा वर्षं त्यात दिसतच नाहीत. कितीही मोठा खड्डा असो, मोजता येणारा आहे ना, मग शून्य. आमच्याकडे माणूस त्या खड्ड्यातच संपतो, अकरावं वर्ष पाहायला राहत नाही. याच्यावर उतारा म्हणून एनर्जी गेम काढलेत, तिथं अट अशी की शिल्लक कधीच शून्याखाली जाता कामा नये, एकदाही नाही. तिथं सुरुवातीला गाठीशी किती आहे यावरच सगळं. मला तो खेळ जास्त खरा वाटतो. मजा म्हणजे तिथंही मेमरी लागत नाही, फक्त गाठीशी पैसा लागतो.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. चटर्जी, हेन्झिंगर आणि युर्जिन्स्की यांचा 2005 चा पेपर आहे. सरासरीला मेमरी लागत नाही. "एका जागी पुन्हापुन्हा जायचं" यालाही लागत नाही. पण दोन्ही एकत्र मागितलं, की ती जागाही कधी सुटू द्यायची नाही आणि सरासरीही उत्तमात उत्तम पाहिजे, तर मर्यादित मेमरी पुरतच नाही. उदाहरण एवढंसं आहे. एक गोल, तिथं राहिलं की रोज एक रुपया. दुसरा गोल, तिथं जाऊन आलं की तेवढे दिवस काहीच मिळत नाही, पण तिथं जाणं कायम चालू राहिलं पाहिजे. दर महिन्याला गेलात तर सरासरी एकच्या खाली राहते. दर वर्षाला गेलात तरी थोडी खालीच. उत्तम खेळायचं तर सरळ उपाय, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त दिवसांनी जायचं. आधी एक दिवसानं, मग दोन, मग चार, मग आठ. हजारेक दिवसांत दहा फेऱ्या, दहा लाख दिवसांत वीस. फेऱ्या कधीच थांबत नाहीत, म्हणजे शब्द पाळला, आणि सरासरी हळूहळू पूर्ण एक रुपयाला जाऊन भिडते, म्हणजे नुकसानही काही नाही. फक्त मोजत राहावं लागतं. डोक्यात शंभरच खुणा मावत असतील तर शंभर दिवसांच्या आत निघावंच लागतं, नाहीतर तीच खूण परत येते आणि माणूस कायमचा तिथंच फिरत राहतो.

मी हे एमटेकला असताना परीक्षेत लिहिलं होतं, मार्क चांगले पडले होते. तेव्हा मी महिन्याला घरी यायचो.

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी दर दीड-दोन महिन्यांनी शुक्रवारची रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी उतरून एसटी, अडाण नदीचा पूल आला की खिडकीतून गार वारं. मग पोळा आणि दिवाळी आणि मधी एखादं लग्न. मग दिवाळी आणि लग्न. मग नुसती दिवाळी. मग एक दिवाळी राहिली, ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती. कोणी विचारलं तर मी म्हणतो जात असतो ना गावाला, आणि ते खोटं नाही.

मागच्या महिन्यात गेलो होतो, सातबाऱ्याची जुनी नक्कल शोधत मायची लोखंडी पेटी उघडली, तर त्यात कॅलेंडरांच्या गुंडाळ्या निघाल्या, रबर लावून ठेवलेल्या, वर्षाला एक. माय दुधाचा हिशोब कॅलेंडरवर ठेवते हे मला माहीत होतं, अर्धा लिटर, पाव, खाडा. पण काही तारखांना लाल पेनानं गोल होते. मला वाटलं गॅसचा नंबर लावला असेल. एका गोलाच्या बाजूला माझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख होती, तेव्हा ट्यूब पेटली. मी खाली बसून वर्षं लावली. पहिल्या गुंडाळीत नऊ गोल. मग सहा. मग चार. मग दोन, दोन. शेवटच्या पूर्ण वर्षात एक. मी फोनवर बुकिंगचे मेसेज काढून मधले दिवस मोजले, दर वेळी बरोबर दुप्पट नव्हते, पण परीक्षेत कोणी हा आलेख दिला असता तर मी ओळखला असता.

इतके दिवस मी स्वतःला सांगत होतो की समोर कोणीतरी खेळून राहिलंय, मॅनेजर आहे, सुट्ट्या आहेत, दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले तिकिटाचे भाव कुठं नेऊन ठेवतात, पोरीची शाळा आहे. पण त्या पेपरातलं उदाहरण परत डोळ्यापुढं आणा, दोन गोल आणि बाण. तिथं समोर कोणी नाहीच आहे. सगळ्या चाली एकाच माणसाच्या आहेत.

मी गुंडाळ्या होत्या तशा रबर लावून ठेवल्या. माय दारात उभी होती, म्हणे, "सापडला का कागद?" मी म्हटलं नाही. ती म्हणे, "मागं आलता तवा तूर फुलावर होती, तवाच काढून देल्ला असता मी." म्हणजे तिच्याकडे कॅलेंडरशिवायही हिशोब आहे, पिकावर लावलेला.

त्या रात्री पावणेदोनला लाइन आली. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून मी म्हटलं मी जातो. टॉर्च घेऊन, पँट पोटरीपर्यंत वर करून, धुऱ्याधुऱ्यानं विहिरीवर गेलो, पेटी उघडली, बटण दाबायला हात नेला आणि थांबलो. नवीन फळी, खिळे नाहीत, चप्पल नाही. कॉक मधोमध. पाणी कोणाचं ते मला माहीतच नव्हतं. चुलतभावाला फोन लावला, बंद. दोन मिनिटं तसाच उभा राहिलो, मग परत घरी आलो, एवढं चालून. माय ओसरीवर खाटेवर झोपली होती, अंगावर जुनी गोधडी. मी हळूच विचारलं, "माय, पाळी कोनाची हाये?"

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणे, "त्यायची. मंगळवारी आपलं झालं. येताना कॉक बंद करजो."